तेवीस आवाजांचा लॅपटॉप

उज्ज्वला रेठरेकर बाई दुकानात आल्या तेव्हा नाझनीन मुजावर एका जुन्या लॅपटॉपच्या कळांमधली बिस्किटाची भुकटी ब्रशनं झाडत होती. बाईंनी काउंटरवर कापडी पिशवी ठेवली, आतून राखाडी लॅपटॉप काढला आणि त्याच्या शेजारी वहीचं एक फाडलेलं पान ठेवलं.

"विकायचाय," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून होण्यासारखं सगळं केलंय. तू एकदा तपासून घे."

नाझनीननं पान वाचलं. बाई सगळ्या खात्यांमधून बाहेर पडल्या होत्या. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे परवाने मोकळे करून नव्या यंत्रावर नेले होते. कामाच्या फायली संस्थेच्या साठ्यात हलवून, तिथं त्या उघडतात का ते पाहून, मगच इथून काढल्या होत्या. डिस्क तीनदा पुसली होती. बोटाचा ठसा, चेहरा, वायफायचे पासवर्ड, काहीच ठेवलं नव्हतं. खाली बॅटरीची उरलेली क्षमता लिहिली होती, उजवी बिजागरी सैल आहे हेही लिहिलं होतं आणि 'ळ'ची कळ जरा जोरात दाबावी लागते हेसुद्धा.

कराडच्या बसस्थानकासमोर नाझनीनचं दुकान अकरा वर्षं चालू होतं. 'जुने लॅपटॉप धुऊन मिळतील' अशी पाटी होती. लोक येत तेव्हा लॅपटॉपमध्ये लग्नाचे फोटो, बँकेचे कागद, अर्धवट लिहिलेले राजीनामे सगळं तसंच असे. "टाक गं पुसून," म्हणत आणि समोरच्या टपरीवर चहाला जात.

"बाई, असं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघते," ती म्हणाली. "आता राहिलं फक्त धुणं. तासाभराचं काम आहे. बसा, तोवर होईल."

"तेच नकोय मला," बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

धुणं म्हणजे काय, ते आता, २०४४ साली, कराडातल्या कुठल्याही शाळकरी मुलीला माहीत असतं. दहाएक वर्षांपूर्वी लॅपटॉपमध्ये नव्या जातीची चिप आली. जुन्या यंत्रात विचार करण्याची जागा वेगळी आणि आठवण ठेवण्याची वेगळी होती. नव्या चिपमध्ये दोन्ही एकाच जागी आलं. तिच्यात कोट्यवधी सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येक पेशी म्हणजे दोन धातूंच्या मध्ये धरलेला ऑक्साइडचा एक पापुद्रा. त्यातून वीज एकदा गेली की पुढच्या खेपेला तीच वाट तिला सोपी होते. रानातून माणसं जात राहिली की पायवाट पडते, तसंच. वीज बंद केली तरी वाट मोडत नाही. त्यामुळे लॅपटॉप मालकाला ओळखू लागला, त्याचे शब्द, त्याचा उच्चार, कुठं तो अडतो, कुठं घाई करतो, सगळं. लोकांनी याला वळण असं साधं नाव दिलं.

वळण फायलीत नसतं, म्हणून फायली पुसून ते जात नाही. त्याची नक्कलही करता येत नाही, कारण कुठल्याही दोन चिपांच्या पेशी जन्मापासून सारख्या नसतात. जुना लॅपटॉप विकायचा तर आधी त्याचं वळण मोडावं लागतं आणि परवानाधारक तंत्रज्ञानं तसा दाखला द्यावा लागतो, असा कायदा आला. चिपला नव्वद अंशांपर्यंत तापवून उलटसुलट विजेचे झटके द्यायचे की सगळ्या पायवाटा एकदम नांगरल्या जातात. तेच धुणं.

"याचं सगळं वळण मोडू नकोस," बाई म्हणाल्या. "बावीस जणांचं मोड आणि एकाचं ठेव."

*

रेठरेकर बाई वाचा-उपचारतज्ज्ञ होत्या. अर्धांगवायू झालेले, अपघातात डोक्याला मार लागलेले, अडखळत बोलणारे, अशा माणसांना पुन्हा बोलायला शिकवण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. शेवटची पाच वर्षं हा लॅपटॉप त्यांच्या टेबलावर होता. समोरचा माणूस मोडकंतोडकं बोलायचा, लॅपटॉपला त्यातलं कळेल तेवढं पडद्यावर उमटायचं आणि तो ते स्वच्छ आवाजात म्हणून दाखवायचा. ध्वनिमुद्रण बाई रोज संध्याकाळी पुसत. पण पाच वर्षांत तेवीस माणसांचं बोलणं त्या चिपमध्ये मुरलं होतं.

त्यातले एक होते निवृत्ती डुबल. नाझनीन त्यांना लहानपणापासून ओळखत होती. त्यांची मुलगी ईश्वरी तिच्या वर्गातली. सातारा-सांगलीकडच्या कुस्त्यांच्या मैदानात निवृत्तीअण्णांचं निवेदन नसेल तर लोक म्हणायचे, यंदा मैदान मुकं झालं. पाच वर्षांपूर्वी त्यांना मज्जातंतूंचा आजार झाला. या आजारात मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी एकेक करून मिटत जातात. आधी त्यांचा 'र' गेला, मग 'ट' आणि 'ड' गेले, मग शब्दांचे काठच गेले. आता त्यांचं बोलणं बाहेरच्याला नुसता घोगरा हुंकार वाटायचा.

"हे यंत्र त्यांच्याबरोबर एकेक पायरी खाली उतरलंय," बाई म्हणाल्या. "म्हणून याला कळतं. आज नवं यंत्र समोर ठेवलं तर ते काय शिकणार? शिकण्याजोगं स्पष्ट आता काही उरलेलंच नाही."

बाई निवृत्त होत होत्या, उपचारकेंद्र नव्या इमारतीत जात होतं आणि जुनं सामान विकूनच टाकायचं असा संस्थेचा नियम होता. डुबल मंडळी लॅपटॉप घ्यायला एका पायावर तयार होती. अडलं होतं ते दाखल्यापाशी.

"एकाचं वळण वेगळं काढता येतं, मी वाचलंय," बाई म्हणाल्या.

"प्रयोगशाळेत येतं, बाई. दुकानात कुणी केलेलं नाही."

"तू करून बघशील?"

नाझनीननं लगेच हो म्हटलं नाही. लॅपटॉप ठेवून घेतला आणि दोन दिवस वाचत बसली. तिचे अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे. बिघाड कुठं आहे हे कळेपर्यंत पेचकसाला हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक होता आणि तिनंही तोच पाळला. तिसऱ्या दिवशी तिनं बाईंना फोन केला.

"होईल असं वाटतं. पण कोणाचं वळण कुठल्या पेशींत आहे ते असंच नाही कळत. तो माणूस यंत्रासमोर येऊन बोलला, तर त्याच्या पेशी तेवढ्या गरम होतात. त्या दिसल्या की त्यांच्यातून उलटी वीज सोडायची. फोनवरचा आवाज चालणार नाही, तो फार दाबलेला असतो. म्हणजे बावीसच्या बावीस जणांना इथं यावं लागेल, बाई. स्वतःला विसरायला लावण्यासाठी."

"बावीस नाही, एकवीस," बाई म्हणाल्या. "एक मुलगा गेला. बाकीच्यांना मी आणते."

*

दुसऱ्याच दिवशी दुपारी ईश्वरी आली. ती साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, तशीच गणवेशात आली होती.

"एवढं सगळं कशाला गं?" ती म्हणाली. "दाखल्याचा शिक्का तुझ्याच हातात आहे. मार आणि दे. लॅपटॉप आमच्या घरी राहणार. अण्णांशिवाय कोण बोलणारे त्याच्याशी?"

"आज तुमच्याकडे. पुढं?"

"पुढं म्हणजे?" ईश्वरीचा आवाज चढला. "अण्णा गेल्यावर, असं म्हणायचंय तुला?"

नाझनीननं स्टूल तिच्याकडे सरकवलं. मग तिनं कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. तीन वर्षांपूर्वी धुणं चालू असताना वीज गेली होती. परत आल्यावर तिनं उरलेली वीस मिनिटं पुरी केली आणि दाखला दिला. खरं तर पहिल्यापासून सुरुवात करायला हवी होती. तो लॅपटॉप कॉलेजातल्या एका मुलीनं घेतला. ती पत्र लिहायला बसली की यंत्र पुढची ओळ सुचवायचं, आणि त्या ओळी जुन्या मालकिणीच्या होत्या, नवऱ्याला लिहून कधीच न पाठवलेल्या. गाव लहान. मुलीला ती बाई ओळखू आली. ती तिची सख्खी मावशी निघाली.

"त्या घरात अजून कुणी कुणाशी बोलत नाही," नाझनीन म्हणाली. "माझ्या वीस मिनिटांमुळं. या यंत्रात एकवीस जिवंत माणसं आहेत, ईश्वरी. अगदी खासगी, कुणासमोर बोलायचं धाडस होत नाही असं ती बाईंसमोर बोललीत. मी शिक्का नाही मारणार."

"आणि तुझ्या त्या प्रयोगात अण्णांचंच गेलं तर?"

"जाऊ शकतं," नाझनीन म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही.

ईश्वरी उठून गेली. शाळेपासूनच्या मैत्रीत पहिल्यांदाच ती 'येते' न म्हणता गेली होती.

*

आधी निवृत्तीअण्णांच्या पेशी नकाशावर आणायच्या होत्या. सुवर्णाकाकी, म्हणजे अण्णांची बायको, त्यांना रिक्षातून घेऊन आल्या. पहाडासारखा माणूस आता खुर्चीत मावत होता, पण फेटा व्यवस्थित बांधलेला होता. आतल्या खोलीत नाझनीननं चिपवर उष्णता टिपणारा कॅमेरा लावला होता. अण्णा बोलू लागले आणि काळ्या पडद्यावर तांबूस ठिपके उगवायला लागले. तालुक्यातली गावं दिवेलागणीला एकेक करून उजळावीत तसे.

दोन तासांनी नकाशा पुरा झाला, तेव्हा नाझनीननं तो पुन्हा पुन्हा पाहिला. मग ती अण्णांच्या समोर येऊन खाली बसली.

"अण्णा, एक अडचण आहे. शंभरातल्या एकोणीस पेशी तुमच्या एकट्याच्या नाहीत. त्यांच्यातली वाट एका माणसाच्या मानानं फार खोल आहे, म्हणजे त्या बाकीच्यांच्याही असणार. एका रानातून चार वस्त्यांची वाट जाते, तसं. त्यांचं वळण काढायचं तर या पेशीही मोकळ्या कराव्या लागतील. त्यांच्याबरोबर तुमचं काय जाईल, ते मला आत्ता सांगता येत नाही."

"मग नकोच," सुवर्णाकाकी पटकन म्हणाल्या.

अण्णांनी हात वर केला. ते बराच वेळ घोगरं काहीतरी बोलले. लॅपटॉप त्या बोलण्याच्या मागोमाग चालत राहिला आणि मग शांत आवाजात म्हणाला, "मी बोलावं म्हणून दुसऱ्यांचं बोलणं उघड्यावर राहायला नको. ती माणसं बाईंकडं माझ्याबरोबर बाहेर बाकड्यावर बसायची. काढ त्यांचं. माझं जेवढं राहील तेवढं राहील."

थोडं थांबून यंत्र पुढं म्हणालं, "आणि पोरी, हात थरथरू देऊ नकोस. पकड धरताना हात थरथरला की कुस्ती गेली."

नाझनीननं हसून मान डोलावली.

*

पुढचे सतरा दिवस दुकानाचा पुढचा भाग तिचा नवरा अल्ताफ सांभाळत होता. पहिले दोन दिवस त्यानं कुरकुर केली. तिसऱ्या दिवसापासून येणाऱ्या माणसांना तो न सांगता चहा देऊ लागला.

रेठरेकर बाई रोज दहाला यायच्या. त्यांनी एकेका घरी जाऊन सगळ्यांना समजावलं होतं. जे बोलायला अजूनही घाबरत होते, त्यांना आणायला त्या स्वतः गेल्या. एकजण पुण्याहून आला, एक बाई लेकराला कडेवर घेऊन चाफळहून आल्या. माणूस खुर्चीत बसला की बाई त्याला पूर्वीचेच प्रश्न विचारायच्या. काय खाल्लं, बहीण कशी आहे, म्हैस व्यायली का. तो बोलू लागला की पडद्यावर त्याच्या पेशी उजळत आणि नाझनीन त्यांच्यातून उलट्या विजेची बारीक थाप सोडत असे. जोर जास्त झाला तर शेजारच्या पेशीला धक्का, कमी झाला तर पायवाट तशीच. प्रत्येक थापेनंतर ती थांबायची, बघायची, मग पुढची.

समोर दुसऱ्या पडद्यावर बोललेले शब्द उमटत. आधी ते अचूक असत. मग त्यात चुका येऊ लागत, भलतेच शब्द येत, मग नुसते ठिपके, आणि शेवटी माणूस बोलत राही आणि पडदा कोरा राही. यंत्राला तो आता परका झालेला असे.

हे पाहताना प्रत्येकाचं काहीतरी होत असे. एक म्हातारा हसत सुटला. चाफळच्या बाई कोऱ्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "याच्याशिवाय बोलते की हो मी, बाई!" मग आणखी मोठ्यानं बोलल्या आणि पडदा कोराच राहिला.

लोहार वकील मात्र येईनात. भर कोर्टात खणखणीत उलटतपासणी घेणारा हा माणूस कधीकाळी अडखळत बोलायचा, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. बाजारपेठेतल्या दुकानात जाऊन बसायचं म्हणजे ते सगळ्यांना कळणार. बाई त्यांच्याकडे तीनदा गेल्या. चौथ्यांदा त्यांनी एवढंच सांगितलं, "तुम्ही आला नाहीत, तर तुमचं ते बोलणं यंत्रात तसंच राहील. आणि तुमच्यामुळं डुबलांचं अडेल. ठरवा."

दुसऱ्या दिवशी वकील कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत आले, काळ्या कोटातच. चहा घेतला नाही. खुर्चीत बसून त्यांनी स्वच्छ मराठीत चार वाक्यं म्हटली. पडद्यावर एकही ठिपका उगवला नाही.

"साहेब," नाझनीन हळूच म्हणाली, "हे यंत्र तुम्हाला असं ओळखत नाही."

वकिलांनी बाईंकडे पाहिलं. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, डोळे मिटले आणि सात वर्षांचा मुलगा वर्गात उभा राहून बोलेल तसं, अडखळत, अक्षराअक्षराला ठेचकाळत, स्वतःचं नाव सांगू लागले. पडदा तांबूस होत गेला. चाळीस मिनिटं तो माणूस आपणहून तसा बोलत राहिला. नाझनीननं नंतर अल्ताफला सांगितलं, की इतकं धीट कुणी तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

शेवटी राहिला ओंकार कणसे. मोटारसायकलच्या अपघातानंतर तो आठ महिने बाईंकडे येत होता, मग एकोणिसाव्या वर्षी गेला. त्याच्या पेशी शोधायच्या त्या वजाबाकीनं. एकवीस जणांचं काढून झालं, निवृत्तीअण्णांचं नकाशावर आहे, मग त्याखेरीज जे वळण उरेल ते ओंकारचं. पण आईला विचारल्याशिवाय बाई त्याला हात लावू देईनात.

रंजना कणसे आल्या, खुर्चीच्या कडेला टेकल्या. पडद्यावरच्या फिकट उरलेल्या ठिपक्यांकडे त्यांनी बोट केलं.

"हा त्याचा आवाज आहे का? ऐकायला येईल?"

"आवाज नाही, काकी," नाझनीन म्हणाली. "तो इथं येऊन बोलला असता, तर याला कळलं असतं. एवढंच आहे त्यात."

रंजनाताई पडद्याकडे झुकल्या. "म्हणजे हे अजून त्याची वाट बघतंय," त्या म्हणाल्या.

नाझनीननं कळांवरचा हात मागं घेतला.

"नको," त्या शेवटी म्हणाल्या. "वाट बघणं कसं असतं ते मला ठाऊक आहे. मोकळं कर त्याला."

नाझनीननं थाप सोडण्याआधी रंजनाताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि शेवटचा ठिपका विझेपर्यंत तो तसाच होता.

*

अठराव्या दिवशी डुबल मंडळी आली. निवृत्तीअण्णा, सुवर्णाकाकी आणि त्यांच्या मागं ईश्वरी. ईश्वरीनं नाझनीनकडे पाहिलं नाही. बाई आधीपासूनच येऊन बसल्या होत्या. दाखला टेबलावर होता. बावीस जणांचं वळण राहिलेलं नाही, हे तपासून नाझनीननं सकाळीच त्यावर सही केली होती. विक्रीचा कागदही तयार होता. त्याच्यावर खरेदीदाराची सही बाकी होती.

"आधी बघू, मग सही," ईश्वरी म्हणाली. तिनं बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून अण्णांसमोर धरलं. "अण्णा, हे मागा."

अण्णा हुंकारले. पडदा कोरा.

"पुन्हा म्हणा."

कोराच. ईश्वरीनं त्यांना 'हो' म्हणायला लावलं, 'नाही' म्हणायला लावलं. 'दुखतंय', 'झोप', 'जेवण', 'ये', 'जा'. अण्णा एकेक शब्द जिवाच्या आकांतानं काढत होते आणि यंत्र मख्ख होतं. नाझनीनला त्या क्षणी कळलं, की सामायिक पेशी म्हणजे नेमकं काय होतं. पाणी सगळ्यांनीच मागितलं होतं. दुखतंय, हे तेवीसच्या तेवीस जणांनी म्हटलं होतं. सगळे जे बोलतात, ते सगळ्यांबरोबर गेलं होतं.

"गेलं," ईश्वरी म्हणाली. पेला ठेवताना पाणी टेबलावर सांडलं. "सगळं गेलं. मी सांगितलं होतं."

"थांब गं," सुवर्णाकाकी म्हणाल्या. त्या पुढं आल्या, पदरानं टेबल पुसलं. "पाणी मागितलेलं मला कळतंय की. दुखलं, झोप आली, भूक लागली, ते तोंडाकडं बघूनच कळतंय. त्याला कशाला यंत्र पाहिजे? मला कळत न्हाई ते ह्यांचं बाकीचं." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, बाईंकडं सांगायला घेतलेलं ते तुमचं निम्मं राहिलंय ना? पावसानं थांबलेलं मैदान? करा की सुरू."

अण्णांनी मान वर केली. दीर्घ श्वास घेतला आणि घोगऱ्या आवाजाचा एक लांबलचक, चढता-उतरता प्रवाह सुरू झाला.

लॅपटॉप क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "तांबडी... चौदा फुटी आखाडा... हलगी... कडकडाट..."

नाझनीन पडद्यावर वाकली. ठिपके उजळत होते. गर्दी नव्हती, पण जो उजळे तो लख्ख उजळे. 'आणि' नव्हतं, 'होता' नव्हतं, 'आला' आणि 'गेला' नव्हतं. पण जे या तेवीस जणांत एकट्या निवृत्ती डुबलांनीच कधी उच्चारलं होतं, ते सगळं तिथं होतं.

"...मारुती वडगावकर... लंगोट... शड्डू..." यंत्र म्हणालं.

"मारुती वडगावकर आत आला," सुवर्णाकाकी म्हणाल्या. "लंगोट कसला आणि शड्डू ठोकला." अण्णांनी जोरात मान हलवली. बरोबर होतं.

"...पंजाबी मल्ल... साडेसहा... डोंगर..."

"समोर पंजाबचा मल्ल. साडेसहा फूट उंच, डोंगरासारखा."

असं ते चाललं. यंत्र मोठे, अनवट शब्द देत होतं आणि मधल्या साध्या जागा सुवर्णाकाकी भरत होत्या, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत, क्वचित चुकत, त्यांनी मान हलवली की दुरुस्त करत. एकतीस वर्षं त्यांनी ही निवेदनं मैदानाच्या कडेला बसून ऐकली होती आणि आता पहिल्यांदाच त्या ती स्वतः करत होत्या. त्यांचाही आवाज चढू लागला. ईश्वरी कधी खाली बसली आणि फोन काढून लिहून घेऊ लागली, तिचं तिलाही कळलं नाही. मधेच ती पुटपुटली, "नाझ, चार्जर लावून ठेव गं, बंद पडायला नको." नाझनीननं निमूटपणे चार्जर लावला.

रेठरेकर बाईंनी चष्मा काढून हातात घेतला होता. पस्तीस वर्षं त्या लोकांना सांगत आल्या होत्या, की बोलणं एकट्या माणसाच्या तोंडात नसतं, ऐकणाऱ्याच्या कानातही अर्धं असतं. तेच आता समोर घडत होतं.

बाहेर अल्ताफच्या काउंटरशी दोन गिऱ्हाइकं उभी होती. आवाज ऐकून ती दारापर्यंत आली. एसटीचा एक चालक होता, तो सरळ आत येऊन भिंतीला टेकला.

"...कलाजंग... भारंदाज... घिस्सा..." यंत्र एकेका डावाचं नाव घेत होतं.

"कलाजंग घालायला गेला, तोवर ह्यानं भारंदाज बांधला," सुवर्णाकाकी सांगत होत्या. "तरी तो घिस्सा ओढतोय..."

अण्णांना दम लागला. ते थांबले. ईश्वरीनं पेल्यात उरलेलं पाणी त्यांच्या ओठांना लावलं. एसटीच्या चालकाला राहवलं नाही.

"काकी, पण मग जिंकलं कोण?"

अण्णांच्या डोळ्यांत काहीतरी खट्याळ चमकलं. सुवर्णाकाकींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि विक्रीचा कागद पुढं ओढून, सही करता करता म्हणाल्या, "एवढी घाई करू नका, भाऊ. अजून खडाखडीच चाललीय, खरी कुस्ती पुढंच आहे."